मदत हवी आहे: मुलीसाठी बास्केटबॉलचं उन्हाळी शिबिर

नमस्कार मंडळी, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका खेड्यात राहतो. पोरगी 13 वर्षांची, शाळेच्या मुरमाच्या मैदानावर अंधार पडेपर्यंत खेळते. उजव्या हाताने ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं) सुरेख करते; डावीकडे वळली की नजर चेंडूवर खिळते अन् चेंडू सुटतो. मागच्या वर्षी एका शिबिरात पाठवलं, तिथे 40 पोरांत 4 चेंडू! नुसते सामने खेळवले, चूक कोणी सांगितलीच नाही. फार हिरमुसून परत आली.

यंदा अमरावती किंवा नागपूरला पाठवायचं आहे. प्रत्येकीच्या हातात 6 नंबरचा (मुलींच्या मापाचा) चेंडू देऊन पायांच्या हालचालींवर मेहनत घेणारे प्रशिक्षक कुठे आहेत? मे महिन्याच्या उन्हात सराव सकाळी लवकरच हवा. मुलींच्या राहण्याची सोय आणि सोबत बाई, हे तर सगळ्यात आधी. कोणाची मुलं जाऊन आली असतील तर खर्चासकट सांगा.