पाठ निरीक्षण वहीतला अभिप्राय नेमका कुणासाठी?

टाचणवाली
बी.एड.चं दुसरं वर्ष, गणित-विज्ञान पद्धती. १६ आठवड्यांची आंतरवासिता (शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव) चालू आहे. मंगळवारी सहावीवर पाठ होता, भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. एका मुलाला फळ्याशी बोलावलं. त्याने १/२ + १/३ = २/५ लिहिलं आणि खडू हातात धरून माझ्याकडे बघत उभा राहिला. मी "चूक, बस" म्हटलं, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीला उठवलं, तिने ५/६ काढलं, पाठ पुढे सरकला.

पाठ बघायला आलेल्या निरीक्षक मॅडमनी वहीत लिहिलेला अभिप्राय जसाच्या तसा: "फलकावर पट लिहिला नाही. हेतुकथन घाईत. आवाज चांगला. संकलनाचे प्रश्न वाढवा." खाली सही. (पट म्हणजे वर्गाची विद्यार्थीसंख्या, हेतुकथन म्हणजे आज काय शिकायचं ते सुरुवातीला सांगणं, संकलन म्हणजे शेवटची उजळणी.) २/५ बद्दल अवाक्षर नाही. पाठ फसला ती जागा मॅडमना दिसलीच नाही, की दिसून सोडून दिली? मला वाटायला लागलंय की हे अभिप्राय वहीसाठी असतात, आमच्यासाठी नाही.

रिकामा तास
राग येईल, पण आपल्याला अभिप्राय हवा असतो म्हणजे "छान" हवं असतं. आमच्या बॅचमध्ये सरांनी दोन ओळी जास्त लिहिल्या की चहाच्या टपरीवर लगेच "त्यांचा माझ्यावर डूख आहे". मॅडमनी २/५ वर बोट ठेवलं असतं तर तू "मॅडम पाणउतारा करतात" असा धागा काढला असतास.

टाचणवाली
नसता काढला. वर्गाबाहेर, व्हरांड्यात दोन मिनिटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं.

खडूची धूळ
व्हरांडा नशिबात लागतो. प्रकाशसंश्लेषणाच्या समीकरणात मी ऑक्सिजन डावीकडे लिहिला. चूक माझीच. पण सर मागच्या बाकावरून उठले, माझ्या हातातला खडू घेतला आणि उरलेला तास स्वतः शिकवला. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर एक पोरगं विचारतं, "सर, आज तुम्हीच शिकवणार ना?" पुढचे दोन आठवडे त्या वर्गाने मला पाहुण्यासारखं वागवलं.

रिकामा तास
मग काय चुकीचं समीकरण पोरांच्या वहीत उतरू द्यायचं?

खडूची धूळ
चिठ्ठी पाठवता येते की. एक ओळ पुरते.

माजी निरीक्षक
मी बरीच वर्षं सराव पाठ तपासले, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. तास ३५ मिनिटांचा, एकाच तासाला तीन वर्गांत तीन छात्राध्यापक, आणि निरीक्षक मी एकटा. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-अकरा मिनिटं येतात, त्यातलं एखादं जिन्यावर जातं. पट आणि तारीख दारातून दिसते, म्हणून ती वहीत येते. तुमचा २/५ घडला तेव्हा मॅडम बहुधा शेजारच्या वर्गात असतील. आणि हेतुकथनाला नावं ठेवू नका. आज काय करायचंय हे मुलाला कळलं नाही तर तो वरच्याला वर आणि खालच्याला खाली मिळवणारच.

मागचा बाक
सर, अडचण वेळेची आहे हे मान्य, पण पूर्ण नाही. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे छोट्या सराव पाठांचं, चक्र आठवा: ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्पाठ (तोच पाठ पुन्हा), ६ पुन्हा प्रत्याभरण. ३६ मिनिटांत मला चूक कळायची आणि ती सुधारून दाखवता यायची. समोर वर्गमित्रच सहावीतली पोरं बनून बसायचे, सगळं नाटकी, तरी शिकलो ते तिथेच. खऱ्या वर्गात आलो आणि पुनर्पाठच गायब! त्या वहीतल्या सूचना मी वापरू कुठे? पुढचा पाठ वेगळा वर्ग, वेगळा घटक, बऱ्याचदा निरीक्षकही वेगळे. एक म्हणतात वर्गाकडे पाठ फिरवू नका, दुसरे म्हणतात फलकलेखन कमी पडलं.

माजी निरीक्षक
पुनर्पाठ वर्गमित्रांवर घ्या. सहावीच्या मुलांनी एकच बेरीज तुमच्या सरावासाठी दोनदा का ऐकायची? शाळा तास देते तेच उपकार. तिथल्या शिक्षकांना पोर्शन संपवायचा असतो.

टाचणवाली
पण सर, त्या मुलाला ती पहिल्यांदाही कळलेली नाही. दुसऱ्यांदा कुठून आलं?

माजी निरीक्षक
हा मुद्दा बिनतोड. मग माझ्याकडून उशिराचा अभिप्राय घ्या. "चूक, बस" ऐवजी त्यालाच विचारायचं: अर्धी भाकरी तुझ्याकडे आहे, वर मी आणखी थोडी दिली, तर आता अर्ध्यापेक्षा जास्त झाली की कमी? मग २/५ अर्ध्याच्या शेजारी काढायला लावायचं. ते अर्ध्याहून कमी भरतं. खडू त्याच्याच हातात ठेवा, तुम्ही बोलू नका. हे मी व्हरांड्यात सांगितलं असतं, पण वहीत लिहिलं नसतं. तो रकाना दोन बोटांचा असतो.

रिकामा तास
बघा, मिळाला अभिप्राय. फुकटात.

टाचणवाली
मिळाला, पण वहीतून नाही. शुक्रवारी माझा पाठ सातवीवर आहे, विज्ञानाचा. तरी सहावीच्या वर्गशिक्षिकांकडे दहा मिनिटं मागून बघते. तो पोरगा तेवढा हजर असला म्हणजे मिळवली.