युरोपीय संघात गेल्यावर देशाच्या संस्था खरंच सुधारतात का?

गंगथडी
राज्यशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न फिरून फिरून येतो : प्रादेशिक एकात्मीकरणामुळे सदस्य देशाच्या संस्था कशा बदलतात? गाईडवाले 'कोपनहेगन निकष' (संघात प्रवेशाच्या अटी) एवढं लिहून मोकळे होतात. दबाव नेमका कोणत्या टप्प्यावर येतो? आणि तो असतो तर पोलंड-हंगेरी आत गेल्यावर सुधारणांपासून उलटे का फिरले? सार्कबद्दलही दोन ओळी सांगा. परभणी-नांदेडकडच्या बऱ्याच पोरांच्या कामी येईल.

बालाघाट
खरा जोर प्रवेशाच्या रांगेत उभं असताना लागतो, आत गेल्यावर नाही. एवढं धरून ठेवा, बाकीचं आपोआप जुळतं.

१९९३ च्या निकषांत लोकशाही, कायद्याचं राज्य, अल्पसंख्याकांचं संरक्षण, चालती बाजारव्यवस्था आणि सदस्यत्वाची बंधनं पेलण्याची ताकद आली. १९९५ ला माद्रिदमध्ये त्यात प्रशासकीय क्षमतेची भर पडली. गाईडमध्ये नेमकं हेच गळालेलं असतं. पुढं 'वाटाघाटी' म्हणतात, पण नियमावलीवर घासाघीस नसते. फार तर मुदत वाढवून मिळते. पोलंडला शेतजमीन परदेशी लोकांना खुली करायला १२ वर्षं मिळाली, तशी.

ही नियमावली प्रकरणांत विभागलेली असते. क्रोएशियाला अशी ३५ प्रकरणं होती. प्रत्येक प्रकरण उघडताना आणि बंद करताना सगळ्या सदस्यांचा होकार लागतो. बोलणी ऑक्टोबर २००५ ला सुरू झाली, पण न्यायव्यवस्थेचं २३ वं प्रकरण उघडायला जून २०१० उजाडला. ते बंद झालं जून २०११ ला, आणि प्रवेश १ जुलै २०१३ ला. मधे स्लोव्हेनियानं समुद्रहद्दीच्या भांडणावरून गाडी अडवून धरली होती. तेव्हा उशीर झाला की सुधारणाच कमी पडल्या, असं सरळ लिहू नका. कधी कधी शेजारी आडवा येतो.

औंढा_नाका
निकष, प्रकरणं ठीक आहे, पण संस्था बदलते ती कचेरीत. शेती अनुदानाचं उदाहरण घ्या, आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळेल.

युरोपीय संघाचं अनुदान वाटायचं तर आधी मान्यताप्राप्त पेमेंट एजन्सी लागते. अर्ज मंजूर करणारा, पैसे सोडणारा आणि हिशेब ठेवणारा ही तिन्ही कामं वेगळी ठेवावी लागतात. प्रत्येक तुकड्याची नकाशावर नोंद, म्हणजे आपला गट नंबर आणि ई-पीक पाहणी एकत्र केल्यासारखं. त्यावर काही अर्जदारांची बांधावर जाऊन मोजणी. गायीच्या दोन्ही कानांत बिल्ले, तेही जन्मापासून २० दिवसांच्या आत. यातलं एक जरी ढिलं पडलं, तर ब्रुसेल्स (म्हणजे संघ) ते पैसे त्या देशाच्या तिजोरीतून वळते करून घेतं.

२००७ मध्ये याच यंत्रणेतल्या त्रुटींवरून रोमानियाला शेती अनुदानात २५ टक्के कपातीचा इशारा मिळाला. २००८ मध्ये बल्गेरियाचे तर २२ कोटी युरो हातचे गेले, कारण निधी सांभाळणाऱ्या एजन्सींवर भरवसा उरला नव्हता. कायदा रातोरात मंजूर होतो हो, मोजणी करणारा माणूस रातोरात तयार होत नाही.

पैठण_गेट
आता उलटं फिरण्याबद्दल. प्रवेश झाला की 'बाहेर ठेवू' ही धमकी संपते. संघाच्या कराराच्या कलम ७ खाली सदस्य देशाचा मतदानाचा हक्क काढता येतो, पण त्याआधी बाकी सगळ्यांचं एकमत लागतं. दोन बिघडलेले देश एकमेकांना सांभाळून घेतात, विषय संपला.

म्हणून रोमानिया-बल्गेरियावर २००७ ला प्रवेशानंतरही देखरेख ठेवली. ती २०२३ पर्यंत चालली. रोमानियात भ्रष्टाचारविरोधी अभियोक्ता कार्यालयानं मंत्री-आमदारांवर खटले भरले, हे खरं. पण २०१७ च्या सुरुवातीला सरकारनं रातोरात वटहुकूम काढून सुमारे ४४ हजार युरोंपर्यंतच्या नुकसानीचा पदाचा गैरवापर गुन्ह्यातून वगळला. तो मागे घ्यावा लागला तो रस्त्यावर उतरलेल्या लाखोंमुळे, संघाच्या देखरेख-अहवालामुळे नाही.

खरा चिमटा पैशाचा. न्यायाधीशांवर कारवाई करणाऱ्या शिस्तपालन कक्षावरून पोलंडला २०२१ मध्ये दिवसाला १० लाख युरो दंड लागला. न भरलेला दंड त्यांच्या निधीतून कापला गेला आणि २०२२ मध्ये कक्ष बरखास्त झाला. हंगेरीच्या वाट्याचे ६३० कोटी युरो संघानं डिसेंबर २०२२ मध्ये गोठवले. पण पोलंडचा मोठा निधी २०२४ मध्ये सुटला तो सरकार बदलल्यावर, आणि तोही बराचसा सुधारणांच्या कृती-आराखड्याच्या भरवशावर.

गंगथडी
म्हणजे अटी आधीच घालायच्या. आणि आपण मराठवाडेकर १९५६ ला मुंबई राज्यात बिनशर्त सामील झालो!

बालाघाट
टोला बरोबर बसला, पण उत्तरपत्रिकेत लिहू नका. तो राज्यांतर्गत मामला. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खालचं मराठवाडा विकास मंडळ १९९४ ला आलं, २०२० ला मुदत संपली, तो धडा वेगळा. सार्कचं थोडक्यात : सनदेतच निर्णय एकमतानं आणि द्विपक्षीय वादाचे विषय वर्ज्य. न्यायालय नाही, अडवायला निधी नाही. मग सदस्य देशाची संस्था बदलायची कशी?

पोलंडनं १९९९ मध्ये ४९ प्रांतांचे १६ केले, हे 'युरोपचा दबाव' म्हणून छापतात. मूळ मागणी देशातलीच होती. सरकारचा आराखडा १२ चा, तडजोडीत १६ झाले. युरोपीय निधीच्या आशेनं जोर मिळाला, एवढंच म्हणा.

पैठण_गेट
आणि स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय युरोपीय संघाचं नाही; संघाचं न्यायालय लक्झेंबर्गला आहे. रोमानियाच्या भ्रष्टाचारविरोधी अभियोक्ता कार्यालयाच्या प्रमुख कोवेशी यांना २०१८ ला हटवलं, ते चुकीचं ठरवणारा २०२० चा निकाल स्ट्रासबर्गचा. इथं निम्मे लोक मार्क घालवतात.