मदत हवी आहे: बारा वर्षांनी भेटणाऱ्या दोन बहिणींचा प्रसंग खोटा वाटतोय

नमस्कार. मी बेळगावकडच्या खानापूरची. आम्ही चौघीजणी गेलं वर्षभर मराठीतून फँटसी रोलप्ले लिहितोय, म्हणजे प्रत्येकीनं आपलं पात्र घेऊन मिळून लिहायची गोष्ट. दोघी इकडच्या, एक निपाणीची, एक पुण्याची. फाशांचा खेळ नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेच्या खेळात समोरचा ऐकणार की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवू शकतो. आमच्यात एकीनं लिहायचं आणि दुसरीनं पुढं न्यायचं, एवढंच.

आमचं जग मलप्रभेवरून घेतलंय. कणकुंबीला उगमापाशी दाट जंगल नि धो धो पाऊस, तीच नदी खाली सौंदत्तीकडं कोरड्या काळ्या रानात जाते. वरच्या राज्यात पाण्यावर मंत्र चालतात, खालच्या राज्यात मंत्राला बंदी. माझी चंद्रा खालच्या नाक्यावर पहारा देते. तिची थोरली बहीण रखमा वरची मांत्रिक, ती निपाणीची मैत्रीण लिहिते. बारा वर्षांनी दोघी नाक्यावर समोरासमोर आल्यात आणि तिथंच सगळं अडलंय.

माझी चंद्रा तीन परिच्छेद मनातल्या मनात बोलते. आईचं आजारपण, न आलेली पत्रं, राग. वाचायला बरं वाटतं खरं, पण रखमाला त्यातलं काहीच ऐकू येत नाही, मग ती उत्तर कशाला देणार? शेवटी मैत्रिणीनंच लिहिलं, 'चंद्राचे डोळे भरून आले आणि तिनं ताईला मिठी मारली.' माझं पात्र तिनं रडवलं. याला गॉडमॉडिंग म्हणतात हे मला माहीत आहे. पण ती माझी शाळेपासूनची मैत्रीण, नियम दाखवून तिला दुखवायचं नाही.

खरी भेट मी बघितलीय. माघी पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर माझ्या आजीला तिची बहीण कित्येक वर्षांनी भेटली. आजी म्हणाली, "बारीक झालीस की गं," आणि पिशवीतली भाकरी काढून तिच्या हातात दिली. रडणं वगैरे नाही. परत येताना बसमध्ये मात्र आजी एक शब्द बोलली नाही. हे दोघींनी मिळून लिहिताना कसं आणायचं?

दुसरं, भाषा. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी जातो' म्हणतात. चंद्रा तशी बोलली, तर पुण्याची मैत्रीण तिला पुरुष समजली. शिवाय नाक्यावर चंद्रा परक्यांना कन्नडमध्ये 'बर्री' म्हणते, म्हणजे 'या'. बहिणीलाही तिनं आधी 'बर्री'च म्हणावं असं मला फार वाटतं. पुण्याच्या वाचकाला तो दुरावा कळेल का?

प्रतिसाद

भाकरी तुमच्याच हातात आहे, ती वापरा. चंद्रानं भाकरी पुढं धरली, इथंच तुमची पोस्ट संपवा. घ्यायची की नाही, ते रखमा ठरवेल. मनातलं फार तर एक वाक्य ठेवा, तेही हाताच्या हालचालीतून दिसेल असं. मैत्रिणीला नियम सांगू नका. 'चंद्रा इथं रडणार नाही, का ते मला लिहायचंय, ही एक जागा माझ्यासाठी सोडशील का?' असं विचारा. मिठी पुढं कधीतरी येऊ दे.

'बर्री'चा अर्थ कंसात देऊ नका. आधीच्या प्रसंगात चंद्रा एखाद्या अनोळखी व्यापाऱ्याला 'बर्री' म्हणू दे, म्हणजे बहिणीला म्हटल्यावर आपोआप टोचेल.

मूळ लेखिका

व्यापाऱ्याचं सुचलंच नव्हतं, आजच लिहिते. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, तू चार दिवस काही लिहिलं नाहीस, मला वाटलं प्रसंग तुला नकोच आहे, म्हणून मीच पुढं नेला. म्हणजे माझ्या गप्प बसण्याचाही त्यात वाटा होता. मिठी ती काढून टाकतेय.

'मी आलो'चं मात्र अजून सुटलेलं नाही. कोल्हापूर, चंदगड, निपाणीकडच्या कुणी असं संवादात लिहिलं असेल तर कृपया सांगा. चंद्राच्या तोंडी 'मी आले' घातलं की ती मला आमच्या गावची वाटतच नाही.