मदत हवी आहे: ०.९.४ मध्ये घोळ झालाय, पुढचा नंबर काय देऊ?

मंडळी, नमस्कार.

तीन वर्षं एक छोटी पायथन लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) एकटाच सांभाळतोय. काम एवढंच, की आकडा द्या आणि अक्षरी रक्कम घ्या. १,५०,००० दिले की 'एक लाख पन्नास हजार'. मराठीत शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं पाठ करावं लागतं, त्यामुळे निम्मा कोड म्हणजे नुसता तक्ताच आहे.

मागच्या महिन्यात एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कुणीतरी सुचवलेला कोडमधला बदल, आली. दीडशे, अडीचशे, दीड लाख असं आपण बोलतो तसं आउटपुट यावं म्हणून. मला भलतीच आवडली. मर्ज केली, हात लागलाच आहे तर तक्त्यातलं 'एकुणसत्तर' बदलून 'एकोणसत्तर' केलं आणि शनिवारी रात्री ०.९.४ चा टॅग मारून, म्हणजे नवं व्हर्शन सोडून, झोपलो.

सोमवारी सकाळी इश्यू, म्हणजे तक्रार! एका पतसंस्थेच्या पावत्या माझ्या लायब्ररीवर निघतात हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या रिक्वायरमेंट्समध्ये (लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत) ~=०.९.२ लिहिलेलं, म्हणजे ०.९ मधलं नवीन जे येईल ते आपोआप घ्या. ठेवीच्या पावतीवर 'अक्षरी रुपये दीड लाख मात्र' छापून गेलं. शाखाधिकारी म्हणे विचारत होते, हा काय बाजार आहे का?

मी घाबरून ०.९.४ डिलीट केलं, कोड सुधारला आणि त्याच नंबराने परत चढवायला गेलो, तर पायपीआय (पायथन लायब्रऱ्या जिथून उतरवतात ते संकेतस्थळ) घेईचना.

आता पुढचं ०.९.५ म्हणू, ०.१०.० म्हणू की थेट १.०.०? ०.१० खटकतं, ०.९ पेक्षा लहान दिसतं. की उबुंटूसारखं साल-महिना लावून कटकटच मिटवू? आणि रिलीज काढायचे कधी? आजवर 'वेळ मिळाला की' हेच वेळापत्रक होतं.

जुना_पेंग्विन:
अहो, डिलीट कशाला केलंत! यँक करायचं असतं. यँक केलेलं व्हर्शन नव्याने कुणाच्या पदरात पडत नाही, पण ज्यांनी == लावून तेच पिन केलंय, म्हणजे नेमकं तेच व्हर्शन हवं असं लिहिलंय, त्यांचं इन्स्टॉल अडत नाही. आणि एकदा वापरलेलं फाइलचं नाव पायपीआय पुन्हा देत नाही, डिलीट केलं तरी नाही. ते बरंच आहे. एकाच नंबराखाली दोन वेगळे कोड फिरायला लागले तर कुणाकडे काय आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आजच ०.९.५ काढा, त्यात जुनं आउटपुट जसंच्या तसं, 'एकुणसत्तर'सकट. दीड-अडीच ०.१०.० मध्ये, पर्याय म्हणून, डीफॉल्ट बंद. ~=०.९.२ वाल्यांकडे ते आपोआप जाणारही नाही.

०.१० लहान नाही हो. तो दशांश नाहीच, टिंबाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पूर्णांक आहेत. पायथनच्या ३.९ नंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० च आलं. हां, यामल फाइलमध्ये (सेटिंग्ज लिहायच्या फाइलचा एक प्रकार) अवतरणचिन्हं न देता ३.१० लिहिलंत तर ते ३.१ होतं. माझा अर्धा दिवस त्यात गेलाय.

मार्चएंड_पीडित:
मी अशाच संस्थांना सॉफ्टवेअर देतो. नंबर काहीही द्या, महिना सांभाळा. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत काहीही सोडू नका. ३१ मार्चच्या आठवड्यात पावतीचा एक शब्द बदलला तरी आमचे फोन वाजतात. शनिवारी रात्री तर कधीच नको. मंगळवारी सकाळी सोडा, म्हणजे निस्तरायला माणसं जागेवर असतात.

साल-महिन्याचा नंबर लायब्ररीला नको, असं माझं मत. उबुंटूचं एप्रिल-ऑक्टोबर ठरलेलं, २००६ चं एप्रिलचं रिलीज जूनवर गेलं तर नंबरही ६.०६ झाला. लिब्रऑफिसने ७.६ नंतर २४.२ केलं तेही ठीक, ते माणूस वापरतो. लायब्ररी दुसरा कोड वापरतो. २४.२ वरून त्याला जुनं मोडलंय की नाही ते कसं कळणार?

अर्धविराम:
माझं मत १.०.० ला. सिमँटिक व्हर्शनिंगप्रमाणे (व्हर्शनला नंबर द्यायचे प्रचलित नियम) ०.x मध्ये काहीही कधीही बदलू शकतं, त्यामुळे नियमाने तुमचं फारसं चुकलेलंही नाही. पण त्याच दस्तऐवजात लिहिलंय की सॉफ्टवेअर प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या कामात, वापरलं जात असेल तर ते बहुधा आधीच १.०.० असायला हवं. पावत्या छापताय, अजून काय प्रॉडक्शन हवं?

एक शंका: 'एकोणसत्तर' ही शुद्धलेखनाची दुरुस्ती. ती पॅचमध्ये, म्हणजे ०.९.५ सारख्या छोट्या दुरुस्तीच्या व्हर्शनमध्ये, का नको?

जुना_पेंग्विन:
कारण तुमचं आउटपुट हाच करार आहे. कुणीतरी त्याच शब्दावर टेस्ट लिहिली असणार, किंवा जुन्या पावतीशी मजकूर जुळवून बघत असणार. फंक्शनचं नाव बदललं तर एरर तरी येते. इथे काहीच येत नाही, फक्त कागदावर वेगळा शब्द येतो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. ०.९.५ आत्ताच चढवलं. चेंजलॉगची (कोणत्या व्हर्शनमध्ये काय बदललं त्या नोंदींची) फाइलच नव्हती, आज पहिल्यांदा लिहिली, त्यात ०.९.४ बद्दल माफीही आहे. पर्याय डिसेंबरमध्ये ०.१०.० ला. 'एकोणसत्तर' १.०.० साठी राखून ठेवलंय, जूनमध्ये. त्याआधी मे महिन्यात १.०.०आरसी१ (अंतिम आधीचं चाचणीचं व्हर्शन) काढून पतसंस्थेच्या प्रोग्रॅमरला द्यायचा विचार आहे. पिप (लायब्रऱ्या इन्स्टॉल करणारं साधन) ते आपणहून उचलणार नाही ना?

जुना_पेंग्विन:
नाही. स्थिर व्हर्शन उपलब्ध असताना --प्री म्हटल्याशिवाय नाही. तरी आधी टेस्टपायपीआयवर, म्हणजे पायपीआयच्या सरावासाठीच्या वेगळ्या प्रतीवर, चढवून बघा.