‘चारचौघी’: फोनचा प्रवेश नीट दिसेल अशी जागा कोणती?

तिसरी_घंटा: ‘चारचौघी’ हे नाटक पहिल्यांदाच बघणार आहे. त्यातली विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते, तो प्रवेश हातचा जाऊ द्यायचा नाही. दादरचं शिवाजी मंदिर बरं की पार्ल्याचं दीनानाथ? रांग कितवी घेऊ? संहिता आधी वाचू का?

विंगेतून: नाट्यगृह कुठलंही चालेल, रांग बघा. पाचवी ते आठवी, मधोमध. अगदी पुढे बसलात तर बोलणारीकडे बघताना ऐकणारीचा चेहरा नजरेतून सुटतो, आणि या नाटकात ऐकणाऱ्या बायकांचे चेहरे फार बोलतात. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगा टाळा, तिथे हळू वाक्यं दबतात.

नेपथ्यवेडा: फोनबद्दल थोडं. पलीकडचा नवरा दिसत नाही, ऐकू येत नाही. त्याचं प्रत्येक उत्तर नटीनं मनात पूर्ण ऐकायचं आणि मगच पुढचं वाक्य घ्यायचं. विराम तोकडा पडला की फोनचं भाषण होतं, लांबला की वाक्य विसरल्यासारखं वाटतं. रिसीव्हर कुठल्या कानाला आहे तेही बघा. प्रेक्षकांच्या बाजूच्या कानाला धरला तर कोपर आणि रिसीव्हर मिळून अर्धा चेहरा झाकतात. शिवाय वायरचा फोन, फार चालता येत नाही. राग पायांवाटे निघून जायची सोयच नाही, तो आवाजात आणि मोकळ्या हातात उतरतो. १९९१ मध्ये हे वंदना गुप्ते यांनी पेललं, २०२२ च्या संचात मुक्ता बर्वे यांनी. दिग्दर्शक दोन्ही वेळा चंद्रकांत कुलकर्णीच.

विंगेतून: संहिता नंतर वाचा. आधी वाचलीत तर विद्याची बाजू घेऊनच आत शिराल आणि तिची आई निसटेल. तिनं विवाहित पुरुषाशी नातं ठेवून तीन मुली वाढवल्या, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी संसारात ‘ती बाई’ हीच. आणि नवऱ्यानं फसवलेली विद्या तिच्याच पोटची. नाटककार प्रशांत दळवींनी या दोघींना एका घरात समोरासमोर आणलंय. विद्या फोनवर बोलत असते तेव्हा हे डोक्यात राहू द्या.

तिसरी_घंटा: वा, हे ध्यानातच आलं नव्हतं. तिकीट खिडकीवरच काढू ना?

नेपथ्यवेडा: हो, जमलं तर तिथेच. खुर्च्यांचा प्लॅन समोर असतो, बाल्कनीची कड कितव्या रांगेवर येते ते विचारून घ्या. आणि मोबाइल व्हायब्रेटवर नको, बंदच करा. त्या विरामांत त्याची घरघर आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाते.