मदत हवी आहे: ई. कोलायचं सायक्लोप्रोपेन फॅटी ॲसिड जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत) इतकं कमी का दिसतंय?

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितेय. एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीचं शेवटचं सत्र आहे आणि डेझर्टेशन एका हिशेबावर अडकलंय. लिपिडचं काम केलेलं कोणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.

ई. कोलाय हा जीवाणू भराभर वाढत असतो तेव्हा त्याच्या मेम्ब्रेनमध्ये (पेशीच्या पातळ आवरणात) पामिटोलिक ॲसिड हे फॅटी ॲसिड भरपूर असतं: १६ कार्बन आणि एक दुहेरी बंध. वाढ थांबायला लागली की सीएफए सिंथेज हे एन्झाइम त्या दुहेरी बंधावर आणखी एक कार्बन चढवतं आणि तिथे तीन कार्बनचं कडं तयार होतं. हेच सायक्लोप्रोपेन फॅटी ॲसिड; आता एकूण १७ कार्बन, म्हणून सायक्लो १७. हा कार्बन एस-ॲडेनोसिल मेथिओनिनकडून येतो. मला या विषयाचं वेड लागलं ते यासाठी की हे सगळं लिपिड मेम्ब्रेनमध्ये जागच्या जागी असताना होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचं छप्पर न उतरवता बाबांनी वाशांना पट्ट्या मारून घेतल्या होत्या, अगदी तसं. हे एन्झाइम नसलेले म्युटंट (जनुक बिघडलेले जीवाणू) एरवी छान वाढतात, पण पीएच एकदम ७ वरून ३ वर आणला की मूळ स्ट्रेनपेक्षा (वाणापेक्षा) पुष्कळ जास्त मरतात. मला पुढे तेच करून बघायचंय.

आता अडचण. ३७ अंशांवर एकच कल्चर लावलं. थोडं लॉग फेजमध्ये, म्हणजे भराभर वाढत असताना, काढलं, बाकीचं रात्रभर ठेवलं. ब्लाय-डायर पद्धतीने, म्हणजे क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल वापरून, लिपिड काढलं. मधला पांढरा साका न हलवता खालचा क्लोरोफॉर्मचा थर पाश्चर पिपेटने उचलणं शिकायला तीन आठवडे गेले, पण आता हात बसलाय, तिथे चूक नसावी. मग हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलेल्या मिथेनॉलमध्ये ८० अंशांवर २ तास ठेवून फॅटी ॲसिडचे मिथाइल एस्टर केले (जीसीत ते याच रूपात घालतात) आणि बाहेरच्या लॅबमधून जीसी करून आणलं. त्यात प्रत्येक घटक वेगळा होऊन ग्राफवर आपापला उंचवटा, म्हणजे पीक, दाखवतो.

पामिटोलिक लॉगमध्ये २७ टक्के, रात्रभरच्या कल्चरमध्ये ५. सायक्लो १७ मात्र जेमतेम ८ टक्के. मग बाकीचं गेलं कुठे? ग्राफच्या शेवटी तीन-चार बुटके पीक आहेत, त्यांना रिपोर्टमध्ये नावच नाही.

सर म्हणतात, "स्ट्रेन ज खराब छे." मला पटत नाही. एन्झाइम नसतं तर पामिटोलिक एवढं घटलं कसं असतं? पेलेटच्या (तळाशी बसवलेल्या पेशींच्या) दोनच ट्यूब उरल्यात आणि जीसीचे पैसे मी खिशातून भरते, म्हणून अंदाजाने काही करायची हिंमत होत नाही.

प्रतिसाद:
ताई, स्ट्रेनला दोष देऊ नका. गरम ॲसिड-मिथेनॉलमध्ये सायक्लोप्रोपेनचं कडं फुटतं. त्यावर मिथेनॉल चढून मिथॉक्सी एस्टर बनतात आणि ते जीसीत उशिरा बाहेर पडतात. तुमचे बुटके पीक बहुधा तेच आहेत. सोडियम मिथॉक्साइड वापरा, साध्या तापमानाला काही मिनिटांत काम होतं. मात्र नमुना अगदी कोरडा हवा. पाणी राहिलं तर एस्टरऐवजी साबण होईल. शिवाय मोकळं फॅटी ॲसिड या पद्धतीत एस्टर होत नाही, पण तुमचं बहुतेक सगळं फॉस्फोलिपिडमध्येच (मेम्ब्रेनच्या लिपिडमध्ये) बांधलेलं आहे.

दुसरं म्हणजे टक्केवारीवर विसंबू नका. नाव असलेल्या पीकची बेरीज १०० करून दिली असेल तर हरवलेला माल दिसतच नाही. १९ कार्बनच्या सरळ साखळीचा मिथाइल एस्टर नमुन्यात मोजून घाला आणि बाकीचे पीक त्याच्याशी ताडून बघा. ई. कोलायमध्ये १९ कार्बनवाला सायक्लो असतो, पण हा सरळ साखळीवाला त्यात नसतोच, त्यामुळे गोंधळ होणार नाही. आणि जीसी-एमएस (जीसीला जोडून रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) मिळालं तरी नुसत्या वस्तुमानावर जाऊ नका: सायक्लो १७ आणि १७ कार्बनचा एक दुहेरी बंधवाला, दोघांचेही मिथाइल एस्टर २८२ लाच येतात. शेजारी स्टँडर्ड (ओळख पक्की असलेला शुद्ध नमुना) चालवाच.

धागाकर्ती:
मनापासून आभार! रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की अनोळखी पीक बेरजेत धरलेले नाहीत. म्हणजे २७ आणि ५ हे आकडेही तसे खरे नाहीतच.

एका ट्यूबमधल्या लिपिडचे दोन भाग करते, एक ॲसिडने, एक मिथॉक्साइडने, दोन्हींत सारखाच १९ कार्बनवाला एस्टर घालून. दुसरी ट्यूब तशीच ठेवते. एकच विचारायचंय: नायट्रोजनखाली वाळवल्यावर निर्जल सोडियम सल्फेटवरून एकदा काढलं तर पुरे, की आणखी काही करावं लागेल? इथे पावसाळा लागलाय, ट्यूब उघडली की काचेवर दव धरतं.