२५ हजार डॉलर पटले नाहीत, भाडं गोठवणं पटलं. असं का?

सातवी_लाईन (सनीसाइड, क्वीन्स) | डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी.

आधीच कबूल करते, मला इथे मत नाही. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वाला अजून दीड वर्ष आहे. पण निवडणुकीची खाज डोंबिवलीपासूनची. बाबा मतदानाच्या दिवशी टेबल टाकून स्लिपा वाटायचे आणि त्यांना चहा नेऊन द्यायचं काम माझ्याकडे असायचं. तर गेल्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या हॅरिसबाईंसाठी आणि यंदा न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभ्या असलेल्या (आणि निवडून आलेल्या) ममदानीसाठी प्रचार म्हणून फुकटात दारं वाजवली. दोन्ही वेळा बोलायचा विषय घर हाच. एकदा तोंडावर आपटले, दुसऱ्यांदा लोकांनी आत बोलावून पाणी दिलं.

ऑक्टोबर २०२४. शनिवारी सकाळी आमची बस न्यूयॉर्कहून निघाली ती पेनसिल्व्हेनियात, बक्स काउंटीतल्या लेव्हिटटाउनला. विल्यम लेव्हिट नावाच्या बिल्डरने १९५२ पासून तिथे १७ हजारांवर घरं साच्यातून काढल्यासारखी बांधली, साध्या पगारदाराला परवडतील अशी. (पगारदार गोरा असेल तर. १९५७ मध्ये पहिलं काळं कुटुंब राहायला आलं तेव्हा घराबाहेर जमाव जमून दगडफेक झाली होती.) तिथली गंमत म्हणजे एका सेक्शनमधल्या सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षरापासून सुरू होतात. फोनवर मिनीव्हॅन हे प्रचारकांना दारांचे पत्ते दाखवणारं ॲप उघडं, तरी मी अर्धा तास ‘एस’च्या गल्ल्यांत गरगरत होते.

एका दारात साठीच्या बाई आल्या. हातात भोपळा कोरायचा चमचा, मनगटापर्यंत भोपळ्याच्या बिया. गॅरेजची खोली करून घेतलेली, त्यात ३१ वर्षांचा मुलगा राहतो म्हणाल्या. मला वाटलं, हेच आपलं गिऱ्हाईक. हॅरिसबाईंची योजना पाठ केली होती, ती म्हणून टाकली: पहिल्यांदा घर घेणाऱ्याला डाउन पेमेंटसाठी २५ हजार डॉलरपर्यंत मदत, शिवाय चार वर्षांत ३० लाख नवी घरं.

बाई म्हणाल्या, “सगळ्यांच्या हातात २५ हजार आले की विकणारा किंमत २५ हजारांनी वाढवणार नाही का?”

मी घाईघाईने ३० लाख घरांवर आले. बाईंनी एकच शब्द विचारला. “इथे?”

तो “इथे?” माझ्या अजून कानात आहे. तेवढ्यात मुलगा बाहेर आला. योजनेत दोन वर्षं वेळेवर भाडं भरल्याची अट होती, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. “मी आईला भाडं देत नाही, म्हणजे मी बसतच नाही त्यात,” म्हणाला. ॲपमध्ये एक ते पाच असा शेरा द्यायचा असतो, एक म्हणजे आपला, पाच म्हणजे समोरच्याचा. मी तीन टाकला आणि पुढच्या ‘एस’कडे निघाले. पुढच्या दारातले गृहस्थ म्हणाले, बाहेरून आलेल्या लोकांमुळे घरं महागली, ट्रम्पचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हॅन्स डिबेटमध्ये बरोबर बोलले. मग माझ्याकडे बघून अगदी सभ्यपणे, “तुमच्याबद्दल नाही म्हणत हं.” बक्स काउंटी शेवटी ट्रम्पकडे गेली. १९८८ नंतर तिथे रिपब्लिकन उमेदवार पहिल्यांदाच जिंकला.

यंदाची गोष्ट आमच्याच आजूबाजूची. आमची बिल्डिंग सहा मजली, जुन्या विटांची, भाडं ‘स्टॅबिलाइझ्ड’. शहरात अशी साधारण १० लाख घरं आहेत. त्यांचं भाडं किती टक्के वाढवायचं ते मालक ठरवत नाही. नऊ जणांचं एक मंडळ दरवर्षी जूनमध्ये ठरवतं आणि ते नऊही जण महापौर नेमतात. गेल्या वर्षी एक वर्षाच्या करारावर पावणेतीन टक्के वाढ दिली, यंदा तीन. ममदानीचं म्हणणं तीन शब्दांत मावत होतं: फ्रीझ द रेंट.

चौथ्या मजल्यावर इक्वाडोरच्या एक आजी आहेत. मी पत्रक पुढे केलं तर त्यांनी ते घेतलंच नाही. आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला आरटीपी-८ घेऊन आल्या. हा करार पुढे चालवायचा छापील फॉर्म. त्यावर एक वर्ष आणि दोन वर्षं असे दोन चौकोन, दोन्हींपुढे नवं भाडं लिहिलेलं. आजींनी आकड्यावर बोट ठेवून विचारलं, “हा? हाच थांबणार? कधी?”

मला काही पटवावंच लागलं नाही. मग प्रश्न असा: विषय तोच, बोलणारी मीच, इंग्रजी तेच डोंबिवलीचं. मग तिथे का नाही चाललं? एवढंच ना की तिथे उमेदवार वेगळा होता?

---

ओक_ट्री_काका (मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी)

ताई, लिहिलंय झकास. पण तुम्ही लेव्हिटटाउनच्या बाईंना गिऱ्हाईक समजलात तिथेच गणित चुकलं. त्या घरमालक आहेत. देशात साधारण ६५ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात, तुमच्या शहरात बरोबर उलटं, दोनतृतीयांश भाड्याने. घर महाग झालं हे दोघंही म्हणतात, पण मालक ते म्हणताना मनातून खूश असतो. मुलाची काळजी खरी असते, आणि आपल्या घराची किंमत चढलेली असावी ही इच्छाही खरीच असते. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात.

हे मी स्वतःवरून सांगतो. न्यू जर्सीत १९७५ चा माउंट लॉरेल निकाल आहे. प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलायचा. २०२४ च्या नव्या कायद्याने २०२५ ते २०३५ चा कोटा ठरवला. आमच्या टाउनशिपमध्ये (नाव नको) त्यावर सभा झाली. माइकसमोर रांग, प्रत्येकाला तीन मिनिटं. एक जण ट्रॅफिकवर बोलला, एक शाळेतल्या गर्दीवर. रांगेत निम्मे आपलेच देशी, आणि सातवा मी. ठाण्यात ४२० चौरस फुटांत सहा जणांत वाढलेला मी उठून म्हणालो की तीन मजली इमारतींनी “गावाचं स्वरूप” बिघडेल! घरी आल्यावर बायकोने विचारलं, “कोणत्या गावाचं?” तेव्हापासून सभेला गेलो नाही.

माझं कर्ज २०२१ चं, पावणेतीन टक्क्यांचं, ३० वर्षं पक्कं. २०२३ च्या ऑक्टोबरात हाच दर पावणेआठच्या घरात गेला होता. मी घर विकून दुसरीकडे जाऊच शकत नाही, म्हणजे माझं घर बाजारात येत नाही, म्हणजे त्या बाईंच्या मुलाला ते मिळत नाही. यात कुणाला खलनायक करणार? म्हणून मग ज्याला त्याला सोयीचा सापडतो: कुणाला इमिग्रंट, कुणाला वॉल स्ट्रीट, कुणाला बिल्डर.

---

नुसतीच_वाचक

“कोणत्या गावाचं?” काकूंना साष्टांग.

---

टर्फ_नं_१२ (ॲन आर्बर, मिशिगन)

थोडं थंड पाणी ओततो. कल्ला आणि ब्रूकमन या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये ४९ प्रयोग एकत्र करून पाहिले. सार्वत्रिक निवडणुकीत दारावर जाऊन किंवा जाहिरात करून मत बदलण्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. तुमच्या बसमधल्या कुणीच लेव्हिटटाउनमध्ये फारसं काही उखडलं नसतं, त्यामुळे ते मनाला लावून घेऊ नका.

क्वीन्समध्ये तरी तुम्ही पटवलंत कुठे? आजींचं मत आधीच तयार होतं, तुम्ही फक्त त्यांना उठवलंत. २० लाखांवर मतदान झालं, १९६९ नंतर न्यूयॉर्कच्या महापौरपदाला एवढं झालं नव्हतं. भाडेकरू मालकांपेक्षा कमी मतदान करतात हे जुनंच दुखणं आहे. यंदा त्यांना घराबाहेर काढणारी घोषणा सापडली. मत वळवणं आणि मतदार उठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच म्हणणं.

---

चाळ_क्र_४ (गिरगाव)

भाडं गोठवण्याचं एवढं कौतुक चाललंय म्हणून गोठवलेल्या घरातून बोलते. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली, ती तशीच राहिली. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की हे आता वाजवी राहिलं नाही. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ आकडाच एवढासा की चार टक्के म्हणजे भेळेचे पैसेही नाहीत.

आमच्या जिन्याला तिसऱ्या पायरीवर फळी मारलीय ती मी शाळेत असल्यापासून. पाहुणे आले की वरून ओरडायचं, “तिसरी सांभाळून!” मालक म्हणतो, तुमच्या भाड्यात खिळासुद्धा येत नाही, आणि ते खोटं नाही. आम्ही खोली सोडत नाही, हेही खोटं नाही. इतक्या वर्षांत कुठल्याही पक्षाचा उमेदवार आमच्या चौकात येऊन भाडी वाढवतो म्हणाला नाही. कोण म्हणेल?

---

बे_एरियातला_बाबा (सनीवेल)

चाळताई, तुमचा जिना आमच्याकडेही आहे, फक्त तो मालकांसाठी आहे. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये लोकांच्या मतदानाने आलेलं प्रपोझिशन १३: घरपट्टी किमतीच्या एक टक्क्यावर बांधली आणि ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त धरायची नाही, घर विकेपर्यंत. शेजारचे आजोबा १९७९ पासून आहेत, घर माझ्यासारखंच, आणि त्यांची घरपट्टी माझ्या घरपट्टीपुढे चिल्लर. ते हलणार नाहीत, मीही हललो नसतो. उलट भाडं नियंत्रणाला जास्त वाव द्या म्हणून २०१८, २०२० आणि २०२४ असं तीनदा मतदान झालं, तिन्ही वेळा पडलं. गोठवलेलं सगळ्यांना आवडतं, पण स्वतःचं.

---

सातवी_लाईन

सगळ्यांना धन्यवाद. काका, काकूंना माझाही नमस्कार.

टर्फ१२, तुमचं बरोबर असेल, पण एक सांगायचं राहिलं. ऑगस्टमध्ये ममदानीचे प्रतिस्पर्धी क्वोमो यांनी मुद्दा काढला की ममदानी आमदाराचा पगार घेऊन ॲस्टोरियात २,३०० डॉलरच्या स्टॅबिलाइझ्ड घरात राहतो, ते गरिबाला सोडायला हवं. मला वाटलं, आता संपलं. दारांवर उलटंच ऐकायला मिळालं. “म्हणजे त्याच्याकडेही हा फॉर्म येतो!” माझ्या वीसेक दारांवरून शास्त्र होत नाही, मान्य.

चाळताई, तुमची तिसरी पायरी वाचून गप्प झाले. इथे मंडळ दरवर्षी नव्याने ठरवतं, त्यामुळे १९४० होणार नाही असं मी स्वतःला सांगतेय. माजी महापौर डी ब्लासिओंच्या काळात २०१५ आणि २०१६ ला एक वर्षाच्या करारांवर शून्य टक्के दिलं होतं, बिल्डिंगा पडल्या नाहीत. पण आमच्या लिफ्टचंही सध्या “तिसरी सांभाळून”च चालू आहे.

---

नुसतीच_वाचक

ताई, त्या फॉर्मचं काय झालं? एक वर्ष की दोन?

---

सातवी_लाईन

बरं झालं विचारलंत, सगळी गंमत तिथेच आहे.

आमचा आणि आजींचा करार दोन्ही फेब्रुवारीअखेर संपतात. एक वर्षाला तीन टक्के, दोन वर्षांना साडेचार. आमचं भाडं २,१४०. एक वर्ष घेतलं आणि ममदानीने पुढच्या वेळी खरंच शून्य करून घेतलं, तर दोन वर्षांत दोन वर्षांच्या करारापेक्षा ७७० डॉलर वाचतात. नाही झालं आणि परत तीन टक्के बसले, तर वीस-पंचवीस डॉलरचा फटका. नवऱ्याने एक्सेल काढून हे मांडलं आणि एकवर खूण केली.

परवा आजींचा फॉर्म पोस्टात टाकायला मीच घेऊन गेले, त्यांचे गुडघे दुखतात. दारावर अजून ममदानीचं स्टिकर. जून महिन्यात प्रायमरीला (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीला) रांगेत उभ्या राहिल्या, नोव्हेंबरात परत राहिल्या. लिफाफा उघडा होता, सही राहिली नाही ना ते बघायला कागद बाहेर काढला.

दोन वर्षांवर खूण केली होती.

मी परत वर गेले, एक्सेलचा हिशेब मोडक्या स्पॅनिशमध्ये समजावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या गालाला हात लावला आणि लिफाफा चिकटवला.